कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते शोधा

बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला नाही, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "विंडोज उडालं असेल, फॉरमॅट मारून आण." दोन, "जुना झालाय, नवीनच घेऊ." बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. सैल झालेली रॅम (मेमरीची पट्टी), दमलेला यूपीएस, संपलेला सेल किंवा चुकीच्या जागी लावलेली मॉनिटरची केबल, अशा साध्या कारणांनीही मशीन बंद पडतं आणि ती घरच्या घरी सापडतात. मात्र घाईत फॉरमॅट मारला, तर बिघाड तसाच राहतो आणि फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट तेवढे जातात.

हा लेख नागपुरातल्या घरांसाठी आणि लहान ऑफिसांसाठी आहे. इथला उन्हाळा, धूळ, कूलर आणि लाईनचं जाणं-येणं कॉम्प्युटरच्या तब्येतीवर थेट परिणाम करतात. मॉडेल कोणतंही असो, पद्धत तीच: मशीन कोणत्या टप्प्यावर थांबतंय ते आधी ठरवायचं आणि मग फक्त त्या टप्प्याचेच भाग तपासायचे.

बटण दाबा आणि दोन मिनिटं नुसतं बघा.

काहीच हालचाल नाही, दिवा नाही, पंखा नाही: वीज किंवा एसएमपीएसचा (भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारा डबा) भाग तपासा.
पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच: मॉनिटरची जोडणी, रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड).
सुरू होतं आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद पडतं: उष्णता, शॉर्ट सर्किट किंवा कमजोर एसएमपीएस.
कंपनीचा लोगो येतो, मग इंग्रजीत एखादी ओळ येऊन थांबतं: डिस्क किंवा बायोसचं (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम) सेटिंग.
विंडोजचे ठिपके गोल फिरत राहतात, एररची निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) स्क्रीन येते किंवा मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं: विंडोज किंवा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम), कधी कधी डिस्क आणि रॅमसुद्धा.

यातलं काय घडतंय ते कागदावर लिहून ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. नंतर दुकानात जावं लागलं, तर हीच माहिती सगळ्यात कामाची ठरते.

उघडण्याआधी

लागणारं सामान थोडं आहे: दोन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, नवं पांढरं खोडरबर, टॉर्च आणि जमल्यास साधा डिजिटल मल्टिमीटर. कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीतला प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मार्च ते मे या काळात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज सहज जमते, म्हणून आतल्या कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोट टेकवा आणि मधूनमधून टेकवत राहा. सतरंजीवर बसून काम करू नका, लाकडी टेबल बरं.

काहीही काढण्याआधी आतल्या सगळ्या वायरींचे फोटो घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर मशीन सुरू करून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब बराच वेळ राहू शकतो आणि तो जीवघेणा असतो. आत पाल मेलेली दिसली तरी जाळीतून टॉर्च मारून बघायचं, डबा दुकानात द्यायचा आणि तोवर प्लग लावायचा नाही.

काहीच हालचाल नाही: भिंतीपासून सुरुवात

सगळ्यात आधी त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहा. तो चालला तर यूपीएस बाजूला करा आणि कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. थेट लावल्यावर मशीन सुरू झालं, तर दोष यूपीएसचा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं चालते, आणि बंद खोलीत मे महिन्याची उष्णता सोसली तर त्याहूनही लवकर फुगते. बॅटरी तपासायची तर यूपीएस रात्रभर चार्ज करा, त्यावर कॉम्प्युटरऐवजी साधा ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीतला प्लग काढा. बल्ब एक-दोन मिनिटांत विझला तर बॅटरी संपली. लाईन क्षणभर लुकलुकली आणि घरातला पंखा फिरतच राहिला, पण कॉम्प्युटर तेवढा रीस्टार्ट झाला, तर तिथेही आधी हीच बॅटरी तपासा.

नंतर पॉवर कॉर्ड बदलून पाहा. मॉनिटरची आणि कॅबिनेटची कॉर्ड बहुधा सारखीच असते, अदलाबदल करून लगेच कळतं. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं, गोलाच्या बाजूला नाही. झाडूपोछा करताना ते चुकून बंद होतं. जुन्या एसएमपीएसवर आणखी एक लाल सरकबटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून प्लग लावला तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो.

इथवर सगळं ठीक असेल तर कॅबिनेट उघडा. प्लग लावलेला आणि मशीन बंद असताना अनेक मदरबोर्डवर एक छोटा दिवा लागतो. तो लागत असेल तर एसएमपीएसचा निदान स्टँडबायचा भाग जिवंत आहे. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब कोणत्याही काळ्या वायरीच्या पिनला आणि लाल प्रोब २४ पिनी कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरीच्या पिनला मागून टेकवा. तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. शून्य आलं तर एसएमपीएस गेला.

पाच व्होल्ट आले आणि तरी बटण दाबून काहीच होत नाही, तर संशय बटणावर. समोरचं बटण हजारो वेळा दाबून झिजतं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात समोरच्या बटणांच्या बारीक वायरी जिथे लावलेल्या असतात, तिथे 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन पिना असतात. बोर्डावर अक्षरं बारीक असतात, मॅन्युअलमधलं चित्र पाहून खात्री करा. वायर काढून त्या दोनच पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर बटण खराब आहे. तात्पुरतं रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावा आणि तेच सुरू करायचं बटण म्हणून वापरा. खर्च काहीच नाही.

त्यानेही हलत नसेल तर एसएमपीएस एकटा तपासायचा. प्लग काढा, मदरबोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड सगळ्यांच्या पॉवरच्या वायरी सोडवा. २४ पिनी कनेक्टरमधल्या एकुलत्या एका हिरव्या वायरीची पिन आणि शेजारची काळी पिन यांच्यात सरळ केलेली कागदाची क्लिप घाला, थोडा भार म्हणून जुना डीव्हीडी ड्राइव्ह किंवा कॅबिनेटचा पंखा जोडा, क्लिपवरचा हात काढा आणि मगच प्लग लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर व्होल्टेज मोजा: पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. यापलीकडे गेलं तर एसएमपीएस बदला. सगळ्या वायरी काळ्या असलेल्या नव्या एसएमपीएसवर अंदाजाने क्लिप घालू नका, त्यासाठी दुकानातला टेस्टर वापरा. पंखा फिरतो आणि व्होल्टेज बरोबर आहे म्हणजे एसएमपीएस शंभर टक्के चांगला, असंही नाही. भार आल्यावर कोसळणारे असतात. दुसरा चालता एसएमपीएस लावून पाहणं हीच शेवटची खात्री.

लाईन, अर्थिंग आणि पावसाळी कडकडाट

एसएमपीएस आणि मदरबोर्ड लाईन जाताना जळण्यापेक्षा ती येताना जास्त जळतात. लाईन गेली की कॉम्प्युटरचा आणि मॉनिटरचा स्विच बंद करा. परत आल्यावर पाच मिनिटं थांबा, पंखा आणि दिवे नेहमीसारखे चालतायत का पाहा आणि मग लावा. दिवे एकाएकी फार प्रखर झाले किंवा पंखा भलत्याच वेगाने फिरायला लागला, तर धावत जाऊन मेन स्विच बंद करा. डीपीवर किंवा घराच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला की असं होतं, आणि २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट घरात येऊ शकतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी गळती मुद्दाम अर्थिंगकडे पाठवतो. तिथे वाटच नसली की ती पत्र्यावर राहते. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दोन पिनी अडॅप्टर लावून कॉम्प्युटर चालवणं म्हणजे अर्थिंग स्वतःहून तोडणं.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात ब्रॉडबँडच्या तांब्याच्या केबलमधूनही वीज आत येते. प्लग काढला पण नेटची केबल तशीच ठेवली, म्हणून मदरबोर्डचा लॅन पोर्ट आणि त्याबरोबर बोर्डही जातो. ढग गडगडायला लागले की दोन्ही काढा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश.

मॉनिटरचा स्वतःचा दिवा आणि 'नो सिग्नल' हा संदेश पाहा. संदेश येतो म्हणजे मॉनिटर चालू आहे. त्याच्या मेनूतून एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट, व्हीजीए यांपैकी बरोबर इनपुट निवडलाय ना ते बघा. मग केबलचं दुसरं टोक कुठे आहे? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाला हवी, वर मदरबोर्डच्या पोर्टला नाही. ज्यांच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्या इंटेल प्रोसेसरमध्ये आणि 'जी' नसलेल्या जुन्या रायझनमध्ये (१००० ते ५००० मालिका) चित्र काढण्याची सोयच नसते. तिथे मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून काहीही दिसणार नाही. कॉम्प्युटर हलवल्यानंतर स्क्रीन काळी झाली असेल, तर पहिला संशय याच केबलवर.

नंतर रॅम. मशीन आडवं करा, रॅमच्या पट्टीच्या टोकांची खिटी बाहेर दाबा. काही बोर्डांवर खिटी एकाच बाजूला असते, दुसरी बाजू पक्की असते. पट्टी कडेने धरून सरळ वर काढा. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर टॉर्च मारून पाहा. नागपुरात कूलरच्या खोलीत वर्षभर राहिलेल्या रॅमवर बऱ्याचदा धुरकट थर दिसतो, जणू बोटांचे ठसे पसरलेत. खोडरबर एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा. उरलेला रबराचा चुरा ब्रशने झाडा, तो स्लॉटमध्ये पडता कामा नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्यात भिजवून पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणं जास्त चांगलं. स्पिरिट, परफ्यूम, पाणी अजिबात नको. पुसल्यावर सोनेरी भागाला बोट लावू नका.

परत बसवताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, 'टक' असा आवाज येऊन खिटी आपोआप बंद झाली पाहिजे. नवशिक्यांचा हात इथे कचरतो आणि पट्टी अर्धवट बसते. दिसायला ती बसलेली वाटते, पण एका टोकाला सोनेरी रेघ अजून डोकावत असते.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांना ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लागते, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. एक पट्टी चालते आणि दुसरी नाही, तर ती पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात नाही, तर तो स्लॉट खराब. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनवर रॅम बदलल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड त्या वेळी रॅमची जुळणी करत असतो. दहा मिनिटं तरी हात लावू नका. मध्येच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

मदरबोर्ड बोलतोय का तेही पाहा. बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात आणि शेजारी इंग्रजीत सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. ज्यावर दिवा अडकून राहतो, तो भाग संशयित. दिवे नसतील तर छोटा बीपर लावा. बीपच्या खुणा कंपनीनुसार बदलतात, मॅन्युअल बघावं लागतं. पण एक चाचणी सगळीकडे उपयोगी पडते. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बीप वाजायला लागली तर प्रोसेसर आणि बोर्ड बऱ्यापैकी जिवंत आहेत. बीपर लावूनही पूर्ण शांतता असेल, तर प्रोसेसर, बोर्ड किंवा प्रोसेसरची वीज. ही वीज देणारा ४ किंवा ८ पिनी वेगळा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ असतो. तो सुटला तरी पंखे फिरतात, म्हणून लक्षात येत नाही.

ग्राफिक्स कार्डाला ६ किंवा ८ पिनी वेगळी वीज लागत असेल तर ती नीट बसलीय का पाहा. कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. पुढची गरज ६ पिनी वायर ७५ आणि ८ पिनी वायर १५० वॉटपर्यंत भागवते. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल तर कार्ड काढून, केबल मदरबोर्डला लावून पाहा.

मग उरतो बायोसचा सेल. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल म्हणजे सीआर२०३२. तो नवा असताना तीन व्होल्टच्या थोडा वर असतो, २.७ च्या खाली गेला की बदला. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख दर वेळी मागे जाते किंवा सुरू करताना 'चेकसम एरर' दिसतो, ही सेल संपल्याची खूण. बायोस रीसेट करायचं तर प्लग काढून सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा. पण त्याआधी थांबा. विंडोज ११ च्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि बायोसची सेटिंग्ज बदलली की विंडोज ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मोबाईलवर लॉगिन करून ती आहे ना हे आधी पाहा. की नसेल तर डेटा परत मिळत नाही, कोणत्याही दुकानात नाही.

तरीही काळोखच असेल तर बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवा. डिस्क, यूएसबी, समोरचे पोर्ट, सगळं सोडवा. कीबोर्ड-माऊससुद्धा. आता चाललं तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागावर अडेल तो सापडला. तरीही नाही चाललं तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून गत्त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून तेच करा. पडलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी लावलेला पितळी खुंट बोर्डाच्या मागे शॉर्ट करत असेल, तर बाहेर काढल्यावर मशीन सुरू होतं. बोर्डावर टोपी फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळालेले कपॅसिटर दिसले, तर घरचं काम तिथे संपलं.

सुरू होऊन बंद पडतं: उष्णता आणि कूलर

बटण दाबताच पंखा क्षणभर हलून थांबला, तर एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलंय. वरची कमीत कमी भागांची चाचणी करा. पण मशीन पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल, आणि तेही दुपारीच, तर उष्णता. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद करतो. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत ३८-४० सहज असतात, म्हणजे जानेवारीत जे मशीन काठावर चालत होतं ते मेमध्ये कोसळतं. बायोसमध्ये जाऊन तापमान पाहा. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस उघडतं. तिथे ४० ते ६० दिसलं तर ठीक. डोळ्यांदेखत ८०, ९० असं चढत गेलं तर प्रोसेसरचा पंखा बंद आहे किंवा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सुटलाय. इंटेलच्या साध्या पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात, त्यातला एक जरी वर आला तरी हीटसिंक तिरका होतो. चारही पाय बोटाने हलवून पाहा.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर हीटसिंक काढून दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवा, पसरवायची गरज नाही. जुन्या रायझनवर, म्हणजे एएम४ सॉकेटच्या बोर्डावर, हीटसिंक थेट वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन पाच मिनिटं चालवून गरम करा, प्लग काढा, मग डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवा.

आता कूलर. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवलं की मशीन थंड राहील, हा समज महागात पडतो. कूलरची हवा दमट असते आणि बोअरवेलच्या पाण्याचे बारीक शिंतोडे क्षार घेऊन येतात. धूळ आणि ओल एकत्र आली की बोर्डावर चिकट थर बसतो, त्यातून वीज झिरपते आणि संपर्क गंजतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. वर्षातून दोनदा साफ करा, होळीनंतर कूलर लागण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. ब्लोअर गच्चीवर नेऊन मारा, वीतभर अंतरावरून, आणि पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळा पंखा ब्लोअरने गरगर फिरवला तर बेअरिंग खराब होतं.

लोगो येतो, मग इंग्रजी ओळ

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' दिसलं तर आधी लावलेले पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क काढा आणि पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा एवढ्यावर सुटतं. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का पाहा. दिसत असेल तर बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा. सेल नुकताच बदलला असेल तर साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) किंवा लेगसी-यूईएफआयचं (मशीन सुरू करण्याची जुनी की नवी पद्धत) सेटिंग बदललेलं असू शकतं. विंडोज ज्या सेटिंगवर टाकलं होतं तेच परत करा.

नाव दिसतच नसेल तर साटा केबल बदला, बोर्डावरचा दुसरा पोर्ट वापरा, पॉवरची दुसरी पिन लावा. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम डॉट टू डिस्क असेल तर स्क्रू काढून पुन्हा बसवा. फिरणारी हार्ड डिस्क ठरावीक अंतराने 'टिक-टिक' करत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात आतला पृष्ठभाग आणखी खरवडला जाऊ शकतो. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

विंडोजपाशी अडलं तर

ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं सलग तीनदा केलं की पुढच्या वेळी बहुधा निळा दुरुस्तीचा मेनू येतो. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर चालवा. नुकतंच अपडेट आल्यावर बिघडलं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. नवं प्रिंटर किंवा ग्राफिक्सचं ड्रायव्हर टाकल्यावर बिघडलं असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबा, सेफ मोड येतो, तिथून ते ड्रायव्हर काढा.

निळ्या (नव्या विंडोज ११ मध्ये काळ्या) स्क्रीनवरच्या इंग्रजी कोडचा फोटो काढून ठेवा. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे डिस्क किंवा साटा मोड, 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' म्हणजे डिस्कवरची मांडणी बिघडली, 'मेमरी मॅनेजमेंट' म्हणजे बऱ्याचदा रॅम. रॅमवर संशय असेल तर विंडोज परत टाकू नका. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज पुन्हा बिघडतंच.

विंडोज उघडत नसलं तरी फाइली वाचवता येतात. त्याच मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या फाइल मेनूतलं ओपन उघडा, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या चौकटीतच फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी आणि पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. ड्राइव्हची अक्षरं इथे वेगळी असू शकतात, सी च्या जागी डी दिसलं तर घाबरू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स घ्याच. दुकान-ऑफिसच्या मशीनवर टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याचं वेगळं फोल्डर असतं, ते शोधून घ्या. डीटीपीचं काम असेल तर कृतिदेव आणि इतर फॉन्टही कॉपी करा, नाहीतर जुन्या फाइली उघडल्यावर नुसती विचित्र अक्षरं दिसतात.

हे सगळं झाल्यावरच रीसेटचा विचार. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी टाकलेले प्रोग्रॅम जातात. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे नव्याने टाकायचंच असेल आणि मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला प्रोसेसर असेल, तर ११ टाका. त्यासाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवावा लागतो.

दुकानात नेताना

सीताबर्डीत किंवा घराजवळच्या दुकानात नेण्याआधी जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळा. दुचाकीवर उभं कॅबिनेट धरून नेलं तर खड्ड्यांच्या हिसक्यांनी स्लॉट तुटतो. ऑटोत बोर्डाची बाजू खाली करून आडवं ठेवा. बिघाड डिस्कचा नाही हे कळलं असेल, तर डिस्क घरीच काढून ठेवा. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसवरच्या सिरियल नंबरचे फोटो घ्या.

"बघा काय झालंय" असं मोघम सांगू नका. काय तपासलं आणि काय निघालं ते लिहून द्या: "थेट सॉकेटवर लावलं, जांभळ्यावर ५.०२ येतात, रॅम काढली तरी बीप नाही." दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणाला तर चालता एसएमपीएस आणि चालती रॅम लावून तो तुमच्यासमोर दाखवायला सांगा. एसएमपीएस नवा घ्यावा लागला तर कॅबिनेटबरोबर येणारा हलका, नाव नसलेला नको. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला ४५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला पुरतो. बदललेला जुना पार्ट परत मागा, नव्याच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच अर्धा तास चालवून, दोनदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून पाहा.